एक ब्रास वाळू, सातशे लिटर पाणी

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. फ्लॅटच्या कार्पेट एरियावर तासभर बोलू शकणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या मंडळींपैकी हे किती जणांना माहीत आहे ते एकदा लंचमध्ये विचारून बघितलं. कुणालाच नव्हतं. एकाला वाटलं पितळेबद्दल बोलतोय :) आमच्या बीडकडे गंगाथडीच्या गावात मात्र शाळेतल्या पोरालाही ब्रास कळतो, कारण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास वाळू बसते आणि हायवात चार-पाच. कुणाच्या दारात किती ट्रॉल्या पडल्या यावरून घर केवढं होणार याचा अंदाज गाव बांधतं.

विषय निघाला तो खाणींवरून. गडचिरोलीची काहीतरी बातमी होती आणि टीममधला एक जण म्हणाला, "नशीब तुमच्या बीडमध्ये मायनिंग नाही. तेवढं तरी सुटलात." बीड म्हटलं की लोकांना दुष्काळ, ऊसतोड आणि गेली दोन वर्षं टीव्हीवर चाललेल्या गुन्ह्यांच्या बातम्या एवढंच आठवतं. खाण म्हटलं की कोळसा, लोखंड, फार तर गोव्याचे लाल ट्रक. पण १९५७ चा खाण कायदा उघडून बघा. साधी वाळूसुद्धा खनिज आहे, 'गौण खनिज'. गौण म्हणजे कमी महत्त्वाचं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये दिलेल्या आकड्याप्रमाणे जग वर्षाला सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरतं. पाण्याखालोखाल माणूस सगळ्यात जास्त वापरतो ती ही वस्तू. आणि नाव काय, तर गौण!

असो. तर बीडमध्ये मायनिंग आहे, आणि ते नदीत आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. बीड जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द बऱ्याच अंतरापर्यंत गोदावरी आखते. अलीकडे गेवराई तालुका, पलीकडे जालन्याचे अंबड आणि घनसावंगी. आमच्याकडे तिला गोदावरी फारसं कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. याच काठावर राक्षसभुवन आहे, जिथे १७६३ मध्ये थोरल्या माधवरावांनी निजामाला हरवलं. (शाळेत सनावळी पाठ केली तेव्हा ते गाव आजोळच्या वाटेवर आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.) जिल्ह्याच्या बाकी भागात खाली काळा पाषाण. त्यात पाणी राहतं ते फटींमध्ये, म्हणून बालाघाटावरच्या गावांना फेब्रुवारीतच टँकर लागतो. गंगाथडीचं तसं नव्हतं. नदी आटली तरी वाळू ओली असायची. आई सांगते, त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात बायका पात्रात हातभर उकरून झिरे करायच्या आणि वाटीने घागर भरायच्या. पात्रातच टरबुजाच्या वाड्या असायच्या.

इथे थोडं गणित. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. ओल्या वाळूत कणांच्या मधल्या जागेत पाणी असतं, त्यातलं विहिरीला मिळू शकतं असं पाणी एकूण आकारमानाच्या वीस-पंचवीस टक्के धरतात. पंचवीस धरा. म्हणजे एका ब्रासमध्ये सातशे लिटर पाणी. तुमच्या-माझ्या सोसायटीच्या गच्चीवरची काळी टाकी हजार लिटरची असते. म्हणजे गावातून एक हायवा गेला की तीन-साडेतीन टाक्या गेल्या. एकदाच नाही. वाळू जागेवर असती तर ती टाकी दर पावसाळ्यात पुन्हा भरली असती.

कुणी म्हणेल, खड्डा पडला तर त्यातही पाणी साठेलच की, उलट जास्त. साठतं, पण ते उघडं पडतं आणि मराठवाड्याचं ऊन ते पिऊन टाकतं. त्याहून वाईट म्हणजे आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्याच्या तळाकडे ओढलं जातं. नदीचं पात्र दहा फूट खाली गेलं की काठावरच्या विहिरीची पातळीही तिच्यामागे उतरते. मामाची विहीर नदीपासून अडीचशे-तीनशे पावलांवर आहे. आजोबांनी १९७२ च्या दुष्काळानंतर ती बांधून घेतली तेव्हा पस्तीस फुटांवर भरपूर पाणी होतं. आज ती अठ्ठावन्न फूट आहे आणि आत आडवे बोअर मारलेत. मामाच्या भाषेत, "गंगा खाली चाललीय, अन्‌ आपली इहीर तिच्या मागं मागं."

आता या सगळ्यात कुणाचं काय आहे ते बघू. मला या भागात सगळ्यात जास्त रस आहे, कारण मी दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसतो आणि कुठल्या गोष्टीला कॉलम आहे नि कुठल्या गोष्टीला नाही हे बघायची सवय लागली आहे.

मामाच्या शेताचा सातबारा आहे. त्यावर गट क्रमांक, क्षेत्र, मामाचं नाव, बँकेचा बोजा, 'विहीर' असा शेरा, सगळं आहे. ही त्याची मालकी. ती काठाला संपते. पुढे नदीचं पात्र, ते महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे शासनाचं. पात्रातली वाळू कलम ४८ प्रमाणे शासनाची. शासन तिचा लिलाव करतं, ठेका घेणाऱ्या कंपनीच्या नावाने करार होतो, त्यात घाटाच्या हद्दी, ब्रासची संख्या, खोलीची मर्यादा, मुदत असते. हेही सगळं कागदावर. वाहनाला जीपीएस, पासवर वेळ, हे सगळं 'महाखनिज' नावाच्या प्रणालीत जातं. माणूस म्हणून मला त्या प्रणालीबद्दल काय वाटतं ते सोडा, पण कल्पना वाईट नाही.

मग विहिरीतलं पाणी कुणाचं? इंग्रजांनी १८८२ मध्ये इझमेंटचा कायदा केला, तो अजून चालू आहे. त्याप्रमाणे आपल्या हद्दीत, आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाला आहे. उपसायचा. पण ते पाणी जमिनीखाली येत राहावं, ते बाजूने कुणी ओढून नेऊ नये, असा हक्क त्यात सापडत नाही. म्हणजे मामाचं शेत कागदावर, कंपनीची वाळू कागदावर, आणि त्या दोघांना जोडणारं पाणी मात्र कुठल्याच टेबलात नाही. दोन पक्षांचं भांडण असतं आणि एकाच्या नुकसानीला कॉलमच नसतो, तेव्हा काय होतं ते आपल्याला प्रोजेक्टच्या एस्टिमेटमध्ये चांगलं कळतं. जे मोजलं नाही ते शून्य धरलं जातं.

पूर्ण शून्य म्हणणं मात्र अन्याय होईल. घाटाचा लिलाव काढण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मत घ्यावं लागतं. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उपसा तीन मीटरपर्यंत किंवा पाणी लागेपर्यंत, यातलं जे कमी असेल तिथे थांबवा असं म्हटलंय. त्याच्या आधी, २७ फेब्रुवारी २०१२ ला, सुप्रीम कोर्टाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात पाच हेक्टरपेक्षा लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. कारण मोठ्या पट्ट्याचे पाच हेक्टरच्या आतले तुकडे पाडले की मंजुरीची कटकट वाचते, हे सगळ्यांना कळलं होतं. (मॅनेजरच्या अप्रूव्हल लिमिटखाली राहायला एका पर्चेस ऑर्डरच्या तीन करतात ना, तसंच.) कायदे आहेत. मोजणी दिवसा होते आणि केनी रात्री चालते एवढाच प्रश्न आहे. केनी म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेलं लोखंडी फाळकं, त्याने पाण्याखालची वाळू ओढून काठावर आणतात. आणि तहसीलदारांची गाडी कुठे पोचली हे फोनवर सांगणारी पोरं चौकाचौकात बसलेली असतात. त्यांना 'लोकेशनवाले' म्हणतात. आम्ही ज्या तंत्रज्ञानाच्या जोरावर पोटं भरतो त्याचा असाही उपयोग!

गावात सगळे वाळूच्या विरोधात आहेत असं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असेल तर ते पुसा. २०२० च्या जानेवारीत, लॉकडाउनच्या आधी, मी आजोळी होतो आणि घाटाच्या शिफारशीसाठी ग्रामसभा लागली होती. २०१९ च्या वाळू धोरणात लिलावाआधी ग्रामसभेची शिफारस मागितलेली होती, आणि लिलावाच्या पैशात ग्रामपंचायतीला हिस्साही होता. मी मागे, शाळेच्या वऱ्हांड्यात उभा. गाव सरळ दोन भागांत बसलं होतं. ज्यांच्या विहिरी काठाला, ते एका बाजूला. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर किंवा ज्यांची पोरं घाटावर कामाला, ते दुसऱ्या बाजूला. भूमिहीन माणसं मधे. त्यांच्याकडे विहीर नाही आणि ट्रॅक्टरही नाही, दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन साखर कारखान्याचा रस्ता धरायचा. त्यातली एक बाई उठून म्हणाली की घाट चालू झाला तर आमचा नवरा यंदा तोडीला जायचा न्हाई, पोरांची शाळा तरी होईल. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आणि आमच्या घरातच दोन पक्ष होते. मामा विरोधात. मामेभावाने आदल्या वर्षी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला, तो बाजूने. शेतात ट्रॅक्टरला वर्षातून फार तर साठ-सत्तर दिवस काम, हप्ता मात्र पूर्ण वर्षाचा. रात्री जेवताना मी ते सातशे लिटरचं गणित त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, गणित बरोबर हाय तुझं. पण बँकवाला इहिरीत किती पाणी हाय ते इचारत न्हाई, हप्ता इचारतो." मामा ताटावरून उठला नाही, पण पुढे एक शब्दही बोलला नाही.

आणखी एक गोष्ट त्या सभेत निघाली, ती म्हणजे वाट. पात्रातली वाळू शासनाची, पण पात्रापासून डांबरी रस्त्यापर्यंत हायवा उडत जात नाही. वाट कुणाच्या तरी सातबाऱ्यातूनच जाते. जो शेतकरी वाट देतो त्याला पैसे मिळतात, आणि जो देत नाही त्याच्या बांधावरून एखाद्या रात्री गाडी गेलेली असते. सकाळी चाकाच्या चाऱ्या दिसतात, ड्रायव्हर दिसत नाही. मामाच्या तुरीतून अशी एकदा गेली होती. तक्रार दिली, पंचनामा झाला. कुणाचं वाहन ते 'अज्ञात'.

ग्रामसभेने शेवटी नको म्हटलं, थोड्या फरकाने. आमच्याकडून लिलाव झाला नाही. मला वाटलं संपलं. पण पात्राला कुंपण नसतं. नाही म्हटल्यामुळे रॉयल्टी बुडाली, ग्रामपंचायतीचा हिस्सा गेला, आणि वाळू रात्री जायची ती जातच राहिली. मामा नंतर फोनवर म्हणाला, "न्हाई म्हणायचा हक्क दिला, न्हाई पाळून घ्यायचा कुणी द्यायचा?" हे त्याने चिडून नाही, हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

गडचिरोलीबद्दल बोलणाऱ्या त्या मित्राला मी हेच सांगत होतो. तिथे एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचा सुमारे ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला मिळाला, प्रत्यक्ष उत्खनन २०१६ पासून. माडिया गोंडांचा ठाकूरदेव त्याच डोंगरावर. २०२२ च्या ऑक्टोबरात उत्पादन वाढवण्यासाठी जनसुनावणी झाली ती डोंगराजवळ नाही, शंभर किलोमीटरहून लांब, गडचिरोली शहरात. तरीही तिथल्या माणसांच्या हातात निदान दोन कायदे आहेत, १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा. ओडिशात नियमगिरीला याच वनहक्क कायद्याच्या आधारावर सुप्रीम कोर्टाने १८ एप्रिल २०१३ ला प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. खाण झाली नाही. बीड अनुसूचित क्षेत्रात येत नाही. आमच्या ग्रामसभेला पेसा लागू नाही, आमच्याकडे डोंगर नाही, देव असलाच तर काठावर, पात्रात नाही. आमच्या ग्रामसभेने करायची ती 'शिफारस'. शब्द नीट वाचावा लागतो.

आणि माणसं मरतात. २०२२ च्या फेब्रुवारीत गेवराई तालुक्यातल्या शहाजानपूर चकला इथे सिंदफणेच्या पात्रात, वाळू उपसून झालेल्या खड्ड्यात बुडून चार शाळकरी मुलं गेली. मुलांना नदी माहीत होती. लहानपणापासून पाय ठेवलेली नदी कुठे गुडघाभर आहे नि कुठे कमरेएवढी हे गावच्या पोरांना पाठ असतं. रातोरात झालेला खड्डा कुणाला पाठ असणार?

त्यानंतर धोरणं भराभर बदलली. २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की लिलाव बंद, आता शासनाच्या डेपोतून सहाशे रुपये ब्रासने वाळू. ऐकायला छान होतं. २०२५ मध्ये डेपो गुंडाळले, लिलाव परत आले, घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत मोफत आणि दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूला प्रोत्साहन. कृत्रिम वाळूचं मला पटतं. पुण्यात बांधकामाला ती सर्रास वापरतात, फक्त प्लास्टरच्या वेळी गवंडी नाक मुरडतो. आमच्या बाथरूमचं काम काढलं तेव्हा ठेकेदार अभिमानाने म्हणाला होता, "नदीची देतो साहेब, गाळून." कुठली नदी विचारलं, तर म्हणाला, "आता ते काय सांगता येतंय होय!"

पण मला खरी आशा वाटली ती एका वेगळ्या निकालाने. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नदीत दरवर्षी किती वाळू नव्याने येते याचा अभ्यास, म्हणजे पुनर्भरणाचा अभ्यास, नसेल तर जिल्ह्याचा वाळू सर्वेक्षण अहवालच ग्राह्य नाही. म्हणजे आधी जमा किती ते सांगा, मग खर्चाचं बोला. आता हे आमच्या नदीला लावून बघा. गेवराईच्या वर पैठणला जायकवाडी आहे, १९७६ मध्ये पूर्ण झालेलं. नाशिक-नगरकडून वाहत येणारी वाळू आणि गाळ पन्नास वर्षं नाथसागराच्या तळाशी बसतोय. धरणातून पाणी सोडतात, वाळू सोडता येत नाही. त्याखाली जी वाळू आहे ती बरीचशी धरणाआधीची जुनी ठेव, आणि वर ओढे-नाले आणतील तेवढी भर. व्याज जवळजवळ बंद झालेल्या एफडीतून आपण हायवे बांधतोय. दरवर्षी लिलाव काढताना हा एक आकडा कुणी विचारला असता, तर मामाच्या विहिरीला तो कॉलम आपोआप मिळाला असता. म्हणून मला वाटतं, गावांनी यापुढे घाटाला हो किंवा नाही म्हणण्याआधी हा अभ्यास लेखी मागावा. नकार कागदावर राहतो आणि रात्री पुसला जातो. आकडा मागितला की तो कुणाला तरी सही करून द्यावा लागतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्याने पूर बघितला. जायकवाडीतून असं पाणी सुटलं की गंगाथडीच्या गावांत घरं सोडून माणसं शाळेत राहिली. पाणी उतरल्यावर मी गेलो. मामाच्या काठच्या पट्टीतली काळी माती खरडून गेली होती, आणि वीसेक गुंठ्यांवर वाळू पसरली होती. कुठे टाचेएवढी, कुठे गुडघाभर. सरासरी फूटभर धरली तर १,०८९ गुणिले वीस, भागिले शंभर, म्हणजे २१८ ब्रास.

गेलेली माती मामाची होती. आलेली वाळू मामाची नाही. ती काढून शेत पुन्हा कसायचं तर तहसीलला अर्ज, परवानगी, मोजणी, मग उचल. मामेभाऊ टेप घेऊन आला होता, अर्ज मी मोबाइलवर टाइप करत होतो. गट क्रमांक, क्षेत्र, अंदाजे ब्रास. पाच वर्षांपूर्वी ताटावर गप्प बसलेले दोघं आता एकच टेप दोन टोकांना धरून उभे होते, आणि दोघांनाही ती वाळू उचलायचीच होती. २१८ हा आकडा मी मोठ्याने वाचला.

मामाने टेप गुंडाळत विहिरीच्या बाजूची चिंचोळी पट्टी दाखवली. "हितली धरू नको. इहिरीकडची राहू दे तशीच."

"किती कमी करू?" मामेभावाने विचारलं.

"दोन गुंठे."

मी २१८ खोडून १९६ लिहिलं.